दोन बाणांचे तात्या

आमच्या सोसायटीत तात्यांना कुणी ‘कसे आहात?’ विचारत नाही. ‘काय म्हणतंय जग?’ असं विचारतात. आणि तात्या सांगतात. चष्मा कपाळावर, फोन नाकापासून वीतभर, देवघराजवळच्या प्लगमधून आलेली चार्जरची वायर मानेमागून फिरवलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, तात्यांनाच चार्जिंगला लावलंय.

ही बाधा २०२० ची. एप्रिलमध्ये टाळेबंदीत घरोघरी पेपर टाकणं बंद झालं आणि चाळीस वर्षं चहात बुडवून पेपर खाणारा हा माणूस उपाशी पडला. भाच्याने दया येऊन एका ग्रुपात घातलं. तिथे पेपरांच्या पीडीएफ यायच्या. ‘ही चोरी आहे’ अशी पेपरवाल्यांनी ओरड केली. तात्यांनी ती ओरडही पीडीएफमध्येच वाचली.

आज त्यांच्या फोनमध्ये बातम्यांची सात अ‍ॅप आहेत, पण आतली बातमी त्यांनी एकही वाचलेली नाही. ‘पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा’ आलं की तात्यांपुरती घटना संपते. त्यामुळे त्यांच्या जगात सगळंच अर्ध्यावर थांबलेलं असतं. मंत्री कायम ‘मोठा निर्णय घेण्याच्या तयारीत’, सोनं कायम ‘ग्राहकांना धक्का’ देऊन उभं, आणि कुणा नटीने काय केलं हे कळायच्या आतच तात्या ‘पाहून थक्क’ झालेले.

मात्र संदेश पुढे धाडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ याबद्दल ते दर पंधरा ऑगस्टला सोसायटीचं अभिनंदन करतात. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही, हा सरकारी खुलासाही तेच टाकतात, त्याच सकाळी. विचारलं तर म्हणतात, “दोन्ही बाजू मांडायला नकोत?” पाऊस सुरू झाला की पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो येतो. फोटोतला छत्रीवाला दर वर्षी तोच असतो.

नेमकं त्याच २०२० च्या एप्रिलात व्हॉट्सअ‍ॅपने नियम केला, की फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल. अशा संदेशावर दोन बाणांची खूण असते. सावध राहा, हा हातोहात फिरत आलाय, एवढाच तिचा अर्थ. तात्यांनी तिचा आयएसआय मार्क केला. “दोन बाण आहेत बरं का! म्हणजे इतक्या लोकांनी तपासून पुढे दिलाय.”

घरात काकू आहेत. त्यांचा कारभार निराळा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, आणि जेवणानंतर एकच पेपर, निधनवार्तांपासून सुरुवात करून. बारा जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा काकू शनिवारात राहणारी सात वर्षांची पोर होती. पाण्याचा आकडा ही त्यांच्या लेखी करमणूक नाही.

गेल्या पावसाळ्यात तात्यांचा संदेश आला: ‘ब्रेकिंग! खडकवासल्यातून २५ हजार टीएमसी विसर्ग!! नदीकाठच्यांनी सावध!!!’ सोबत व्हिडिओ, ताडमाड दरवाज्यांतून कोसळणारं पाणी. पार्किंगमधल्या गाड्या वर चढवायला पळापळ झाली. काकूंनी भाजी चिरता चिरता फोनकडे एकदा पाहिलं.

“अहो, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली तरी पाणी होतं २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पंचवीस हजार कुठून आणलंत? क्युसेक म्हणाले रेडिओवर. सेकंदाला पंचवीस हजार घनफूट. तेही काही कमी नाही, सात लाख लिटर होतं. गाड्या काढा, पण आकडा नीट सांगा. आणि हे खडकवासला? दर पावसाळ्यात आपण तिथे भजी खायला जातो, कधी असला दरवाजा पाहिलात?”

“अगं, पण आधी मी टाकलं ना?” तात्या म्हणाले.

मग त्यांनी प्रामाणिकपणे दुसरा संदेश टाकला: ‘किंचित दुरुस्ती. टीएमसीऐवजी क्युसेक वाचावे.’

संध्याकाळी तात्या धावत खाली आले. चेहऱ्यावर तेज. त्यांचाच सकाळचा संदेश कात्रज, कोथरूड आणि न्यू जर्सीतल्या मेव्हण्याकडून फिरून त्यांच्याकडे परत आला होता. फोन आमच्यापुढे धरून ते म्हणाले, “हे बघा, दोन बाण! म्हणजे खरंच होतं ते!”

दुरुस्ती मात्र अजून कुठूनच परत आलेली नाही.