रुमालवाले नाना

कापसाचा भाव, शाळेचा निकाल किंवा दवाखान्याच्या वेळा इंटरनेटवर टाकायच्या झाल्या की मध्य प्रदेशातल्या कुक्षीतली माणसं ज्यांचा जिना चढतात, ते गृहस्थ म्हणजे नाना. तालुक्याच्या प्रत्येक गावाला असा एक नाना असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, इंदूरचा कॉम्प्युटर डिप्लोमा, पुण्यात थोडी नोकरी, मग ‘आई-वडील एकटेच आहेत’ म्हणून परत. आमचे नाना मराठी आहेत, एवढंच काय ते विशेष. हा परगणा धारच्या पवारांच्या राज्यात होता तेव्हा त्यांचे पणजोबा दफ्तरात कारकून होते. ही माहिती गिऱ्हाइकाला वेबसाइटच्या कोटेशनच्या आधी मिळते.

ती ऐकून घ्यावी, कारण नानांची सगळी प्रोग्रामिंगची पद्धत तिथूनच आली आहे. जुन्या मराठी दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवत. साहेबांनी एक कागद मागितला तर पणजोबा अख्खा रुमाल पुढ्यात ठेवत, असं घरात कौतुकाने सांगतात. पुन्हा बोलावणं यायला नको!

आता वेबसाइटच्या आत काय चालतं, ते दोन वाक्यांत. आलेली मागणी ऐकून डेटाबेसमधून माहिती काढवून घेणारा तो कंट्रोलर, आणि ती पानावर मांडणारा तो व्ह्यू. ही विभागणी नॉर्वेच्या ट्रिग्व्हे रेन्सकॉग यांनी १९७९मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात सुचवली, तेव्हा वेबसाइट हा प्रकारच नव्हता. कंट्रोलरने नेमकी हवी ती यादी हातात द्यावी आणि व्ह्यूने डोकं न चालवता ती मांडावी, इतकं साधं काम. नाना असे साध्यावर भागवणारे नाहीत. त्यात २०११ साली मायक्रोसॉफ्टने वेबसाइट बनवायच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीत व्ह्यूबॅग, म्हणजे कंट्रोलरकडून व्ह्यूला माहिती पोचवायची पिशवी, आणली. तिच्यात कुठल्याही नावाने काहीही कोंबता येतं, आधी जाहीर करावं लागत नाही. नानांना पणजोबा भेटले.

मंडीच्या एका व्यापाऱ्याचं पान मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. पानावर कपाशीचे शेवटचे पाच भाव दिसायचे होते. नानांनी व्यापारी, गावं, वाणं, सुट्ट्या आणि तीन वर्षांचे भाव अशा सगळ्या याद्या व्ह्यूबॅगेत भरल्या.

“मामा, पाच पाहिजेत. तुम्ही अख्खी मंडी पाठवून राहिले,” हाताखाली शिकणारा भाचा म्हणाला.

“असू दे रे. तो पाचच दाखवेल. उरलेले राहू दे त्याच्याजवळ.”

डेटाबेस बिचारा पाच ओळींसाठी तीन वर्षं उपसत होता. वर प्रत्येक भावापुढे व्यापाऱ्याचं नाव हवं, म्हणून नानांचा व्ह्यू ओळीओळीला पुन्हा डेटाबेसकडे जात होता. नावं आधीच जोडून आणली असती तर एका खेपेत भागलं असतं. पण जोडून आणणं म्हणजे काय लागणार याचा आधी विचार करणं, आणि नानांच्या मते विचार करण्यात वेळ जातो.

व्ह्यूबॅगची खोड वेगळीच. कंट्रोलरमध्ये नानांनी ‘भाव’ दोन ‘ए’ घालून लिहिलं, व्ह्यूमध्ये एकाच ‘ए’वर भागवलं. कंपायलरने चूं केलं नाही. बॅगेतली नावं तो तपासतच नाही. पान उघडल्यावर मात्र तिथे यादीच्या जागी शून्य, आणि पान आडवं. दुसरा कोणी स्पेलिंग सुधारतो. नानांनी एक अट घातली: यादी मिळाली नाही तर ‘आज भाव नाही’ असं दाखव. पान लगेच सुरळीत उघडलं आणि तीन दिवस ‘आज भाव नाही’ म्हणत राहिलं. चौथ्या दिवशी व्यापारी जिना चढून आले.

“नाना, मंडी बंद आहे का हो? मी तर रोज तिथेच बसतो!”

शेवटी भाच्याने बळेच त्यांना व्ह्यूमॉडेल शिकवलं. एका व्ह्यूला अधिकृतपणे एकच मॉडेल, म्हणजे माहितीचा एकच ठरलेला साचा, मिळतं. दोन याद्या द्यायच्या तर त्या पानापुरता एक क्लास लिहायचा, त्यात दोन्ही नावानिशी जाहीर करायच्या. मग स्पेलिंग चुकलं की कोड लिहितानाच लाल रेघ येते. नानांना हे फार आवडलं. लाल रेघेचा वचक त्यांना पणजोबांच्या काळचा वाटला असावा. रात्रभर बसून त्यांनी क्लास लिहिला. एकच. त्यात चाळीस याद्या, आणि तोच साइटच्या प्रत्येक पानाला.

संपर्काचं पान उघडायला इतका वेळ का लागतो, म्हणून भाच्याने आत पाहिलं. पानावर फक्त एक फोन नंबर होता. खाली चाळीसच्या चाळीस याद्या आलेल्या.

“मामा, इथे कशाला?”

“कोणी फोन करून भाव विचारला तर?”

“फोन तर तुम्हीच उचलणार ना!”

“मग? माझ्याजवळ कुठे आहेत याद्या? सगळ्या पाठवून दिल्या ना मी!”