आरमार जाळून कोकण निर्धास्त

कोपरखैरण्याच्या खाडीकाठी कांदळवनाची फांदी तोडायची तरी परवानगीचा खटाटोप. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांना हे पटलं असतं. राज्यकारभारावरच्या आपल्या ‘आज्ञापत्रा’त त्यांनी बजावलंय: आरमारासाठी सागवान घ्या, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका. जीर्ण झाड लागलंच तर धन्याला राजी करा, पैसे मोजा. आरमाराचा खर्चही नेमून दिलेल्या मुलखातून भागवा. बंदराच्या उत्पन्नावर सोडलात तर सावकाराला उपद्रव होऊन बंदरच बुडेल.

इतकं शहाणपण कागदावर आल्यावर ते दप्तरात बांधून ठेवणं ओघानंच आलं. आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे डोईजड झाले, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना मदतीला घेतलं. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली मराठी आरमाराची होळी झाली. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला मिळवायला पेशव्यांना वर बाणकोट मोजावं लागलं. मग त्याच विजयदुर्गात धुळप सरदारांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. म्हणजे खर्च पुन्हा पहिल्यापासून!

हसू नका, असल्या शहाणपणात अमेरिकाही मागे नव्हती. 1785 साली पैशाअभावी तिनं शेवटची युद्धनौका विकली; त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सच्या चाच्यांनी तिची दोन जहाजं धरली. 1794 मध्ये सहा फ्रिगेटी मंजूर झाल्या. कामं मात्र सहा वेगवेगळ्या बंदरांना, कुणी रुसायला नको! शिवाय कायद्यातच मेख: अल्जियर्सशी तह झाला की बांधणी बंद. तह झाला, खंडणी ठरली, आणि अमेरिकेनं एक नवीकोरी फ्रिगेट बांधून अल्जियर्सलाच पोचती केली.