परंड्यातला नवा दारूगोळा

परंड्याच्या किल्ल्यात तोफा आहेत, तोफगोळेही आहेत. विजापूरची मुलूखमैदान तोफसुद्धा एके काळी इथेच होती. ती १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. आता दारूगोळा घराघरांत तयार होणार म्हणतात, तोही गुलाबी रंगाचा आणि वर गुलाबपाकळ्या चिकटवलेला. नाव बाथ बॉम्ब.

कृती सोपी. खायचा सोडा दोन भाग, लिंबूसत्त्व एक भाग, थोडं खोबरेल, रंग, अत्तर. साच्यात दाबायचं, वाळवायचं. पाण्यात पडताच आम्ल आणि सोडा भिडतात, कार्बन डायऑक्साइड फसफसतो, झालं! बेसन घातलं असतं तर ढोकळा झाला असता आणि निदान पोटात गेला असता.

फक्त हा गोळा डागायला बाथटब लागतो. साधा टब भरायला दीडशे लिटर तरी पाणी हवं. जलजीवन मिशनच्या हिशेबात माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे एकाने सुगंधी डुंबायचं आणि घरातल्या तिघांनी दिवसभर कोरडं बसायचं. मार्च उलटला की टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात ही चैन शोभते खरी!

बादलीत टाकेन म्हणाल, तर टाका. मिनिटाभरात फेस संपतो, चमकी अंगाला चिकटते आणि ती धुवायला दुसरी बादली लागते. शिवाय मोरीचं पाणी अळूला जात असेल तर जपा: सोड्यातलं सोडियम जमिनीला मानवत नाही. दिवाळीला उटणं आहेच, तेवढं पुरे.