भरवशाची जुनी गाडी : एक विवेचन

नोकरीला नुकत्याच लागलेल्या अपत्यासाठी जुनी मोटार निवडणे हे पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबात सामूहिक कार्य मानले जाते आणि ती गाडी प्रत्यक्ष चालवणाऱ्या व्यक्तीचे मत त्यात सर्वांत शेवटी, तेही रंगापुरतेच, विचारण्याची प्रथा आहे. गाडी भरवशाची हवी, एवढी एकच अपेक्षा वरकरणी असते. मात्र तिची फोड केली असता तीत परस्परविरोधी दोन मागण्या आढळतात. सकाळी साडेआठला हिंजवडीला निघताना गाडी पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे आणि तीच गाडी मध्यरात्री, मित्रमंडळींनी ठरवलेल्या लोणावळ्याच्या बेतासाठी, काही केल्या सुरू होता कामा नये. दोन्ही अटी पाळणारे इंजिन अद्याप कोणत्याही कारखान्यात निघालेले नसल्यामुळे कुटुंबे मध्यममार्ग म्हणून आठशे ते हजार सीसीची लहान हॅचबॅक, म्हणजे डिकी वेगळी बाहेर न आलेली आखूड गाडी, पसंत करतात, आणि एरवी जाहिरातीत गुण म्हणून मिरवणारा ‘पिकअप’ या घरांत अवगुणांच्या यादीत जातो. जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत वेगाची सूचना देणारी घंटा सक्तीची झाली असून ती ताशी ८० किलोमीटर ओलांडताच अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजते. चालकाच्या एअरबॅगची सक्तीही त्याच वेळची आहे, परंतु पालकांचे डोळे पाणावतात ते घंटेमुळे.

जुन्या गाड्यांच्या बाजाराची तात्त्विक चिकित्सा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या निबंधात केली. गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या तफावतीला माहितीची असमानता म्हणतात. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे ओळखता येत नसल्यामुळे घेणारा सरसकट मधला भाव सांगतो, त्या भावात चांगली गाडी देणे मालकाला परवडत नाही म्हणून तो ती घरीच ठेवतो, आणि बाजारात मुख्यतः मालकांना नकोशा झालेल्या गाड्या उरतात. ॲकरलॉफ यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शेजारचे काका हाच सिद्धान्त ‘एवढी चांगली असती तर विकली कशाला असती?’ अशा एका वाक्यात सांगतात. तो लेखी न मांडल्यामुळे त्यांचा विचार झाला नसावा.

या असमानतेवर मराठी कुटुंबाने काढलेला तोडगा असा की, गाडीऐवजी मालक तपासावा. ‘डॉक्टरांची गाडी’, ‘सिंगल ओनर’, ‘बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, भाजी आणायलासुद्धा बाहेर काढत नाहीत’ ही या शास्त्रातील मान्य प्रमाणे होत. दुर्दैवाने इंजिनाला मालकाचे शील कळत नाही. दिवसातून दोनदा सदाशिव पेठेतून डेक्कनपर्यंतच जाणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, ऑइलमध्ये उतरलेले पाणी उडून जात नाही, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. टायरचे रबर तर गाडी जागची न हलताही कडक होत जाते. दहा वर्षांत बारा हजार किलोमीटर चाललेली, कव्हराखाली जपलेली गाडी त्यामुळे जितकी आदरणीय असते तितकी भरवशाची असेलच असे नाही, आणि दर आठवड्याला साताऱ्याला जाऊन येणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी, केवळ तिचा मालक फिरता विक्रेता आहे म्हणून, पहिल्याच फेरीत बाद होते.

वास्तविक गाडी स्वतःबद्दल पुष्कळ बोलते, फक्त तिला विचारावे लागते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, त्यातील पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढील दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर दिसत असताना चारही टायर मात्र गाडीपेक्षा पाच वर्षांनी धाकटे निघाले, तर पहिले टायर कुठे झिजले, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो. अशा वेळी क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत झालेले असेल, तर मीटर मागे फिरवला असल्याचा संशय बळावतो. बॉनेटखालच्या नटबोल्टांचा रंग उडालेला असेल, तर तेथे पाना लागून गेला आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, हे सर्वांना ठाऊक असते, आणि विकणाऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे मंडळी पोहोचण्यापूर्वी ‘जरा पुढे घेऊन लावली’ असे सांगून त्याने ते गरम केलेले असते. नमस्कार करता करता बॉनेटवर हात ठेवण्याची रीत म्हणूनच उपयुक्त आहे.

पुरात बुडालेली गाडी हे वेगळे प्रकरण. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य वाहने पाण्याखाली गेली, आणि अशी वाहने धुऊनपुसून, अत्तर मारून परगावी विकली जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. एरवी आत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाची कड दिसली, तर गाडीतला मोगऱ्याचा दरवळ कशासाठी आहे ते समजते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर आरसीवर बँकेचा बोजा नसावा, असल्यास तो उतरवून घ्यावा, आणि नमुना २९ व ३० भरून नावबदल तत्काळ करावा, कारण नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ते नाव मात्र बहुधा वडिलांचे लागते. हप्ते मुलगा भरतो, पार्किंगवरून सोसायटीशी भांडते आई, आणि मालकी वडिलांकडे राहते, ती ‘जरा हात बसू दे’ या मुदतीपर्यंत, जिची तारीख कोणत्याही नमुन्यात नमूद नसते. मिस्त्रीकडून गाडी इतक्या बारकाईने तपासून घेणाऱ्या या मंडळींना वास्तविक गाडीविषयी फारशी शंका नसते. शंका मुलाविषयी असते, पण त्याला वर घेऊन खालून पाहण्याची सोय कोणत्याही गॅरेजमध्ये नाही.

व्यवहार पुरा झाल्यावर चाकाखाली लिंबू ठेवले जाते, मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ उमटतो आणि पहिल्याच रविवारी कागदोपत्री पाच आसनांच्या या वाहनातून आजी आणि डब्यांसह सहा जण मोरगावच्या दर्शनाला निघतात. गाडी वडील चालवतात, शेजारी आजी बसतात, आणि जिच्या-ज्याच्यासाठी ती घेतली ती व्यक्ती मागे मधोमध, मांडीवर प्रसादाची पिशवी सांभाळत, दिवे घाटात गिअर कधी बदलावा याविषयीचे व्याख्यान ऐकत असते.