हजार क्विंटलची गाडी

२०२१ साली लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर जाऊन टेकलं होतं. त्याच सुमारास विजेवर चालणाऱ्या आलिशान जर्मन गाड्या आपल्याकडे येऊ लागल्या आणि त्यांची किंमत कोटीच्या घरात होती. पुढे दोघांचंही व्हायचं ते झालं. सोयाबीन चार-सव्वाचार हजारांवर आलं. (२०२५-२६ चा हमीभाव ५३२८ होता; पण तो पाटीवर वाचायचा असतो, घ्यायचा नसतो.) आणि कोटीची गाडी पुण्याच्या सेकंड हँड बाजारात बेचाळीस लाखांना उभी राहिली.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, निम्म्याहून स्वस्त." मी मुखेडच्या मोंढ्यातला आडत्या. रुपयांचे हिशेब पोरांनी करावेत, आम्ही क्विंटलमध्ये करतो. तेव्हा कोटी भागिले दहा हजार, म्हणजे हजार क्विंटल. आता बेचाळीस लाख भागिले बेचाळीसशे, म्हणजे हजारच क्विंटल. गाडी एका दाण्यानंही उतरलेली नव्हती. हे त्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "मग महागही झाली नाही ना?" शिकलेल्या पोराशी वाद नको म्हणून गाडी घेतली.

पुणे ते मुखेड सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडीचा पडदा निघताना साडेतीनशे दाखवत होता. उरलेल्या अंतराची जबाबदारी मुलानं माझ्या मोबाइलमध्ये भरून दिली होती. चार्जिंगवाल्या प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात पैसे आधी भरायचे वेगळे. आमच्या धंद्यात याला उचल म्हणतात आणि ती घेणारा निदान तोंड तरी दाखवतो.

हडपसर सुटलं आणि गाडीची श्रीमंती कळायला लागली. आवाज नाही, थरथर नाही. सीटमध्ये पाठ दाबून देणारी यंत्रणा. मी ती सुरू केली तशी ही म्हणाली, "बंद करा ते. करंट जातो." मग एसी गेला. नंतर छताच्या कडेनं फिरणारी निळी-जांभळी लायटिंग गेली. भिगवणपर्यंत कोटीच्या गाडीत आम्ही काचा खाली करून, रुमालानं वारा घेत बसलो होतो. एसीनं फार तर दहा-वीस किलोमीटरचा फरक पडतो, हे मुलानं नंतर सांगितलं. पण हिचं म्हणणं, ते दहा-वीस किलोमीटर ढकलायला तो येणार आहे का?

सोलापूर रस्त्यावर काही अडचण नाही. हॉटेलांच्या आवारात चार्जर असतात, भजी खाऊन होईस्तोवर गाडीचंही निम्मंशिम्मं होतं. टेंभुर्णीला डावीकडे वळलं की खरा प्रवास सुरू होतो. कुर्डुवाडी, बार्शी, आणि मग येडशीचा चढ. इथं बालाघाट चढून वर यावं लागतं. पडद्यावरचे किलोमीटर रस्त्यावरच्या किलोमीटरांच्या दुपटीनं उतरायला लागले. हिनं आधी रामलिंगाला हात जोडले, मग पडद्याला.

लातूरला एका आवारात चार्जर असल्याचं ॲप सांगत होतं. ॲप खरं बोलत होतं. चार्जर होता. त्याला पोतं गुंडाळलं होतं, पोत्यावर मोटारसायकल टेकवली होती, आणि मोटारसायकलचा मालक एका लग्नाला औशाला गेला होता.

मग आम्ही मोठ्या ताईच्या घरी गेलो. दाजी सेवानिवृत्त, हिशेबाचे पक्के. गिझरचा पंधरा अँपियरचा सॉकेट होता, त्यातून खिडकीवाटे वायर बाहेर काढली. घरच्या सॉकेटातून तासाला अडीच-तीन युनिटच्या वर गाडीत जात नाहीत आणि बॅटरी ऐंशी युनिटची. म्हणजे रिकामी गाडी भरायला दिवस आणि वर एक रात्र. दाजी काही बोलले नाहीत. फक्त झोपण्याआधी टॉर्च घेऊन मीटरकडे गेले आणि भिंतीवर खडूनं आकडा लिहून आले. सकाळी आम्ही चहा घेताना त्याखाली दुसरा आकडा होता. वजाबाकी केलेली नव्हती. ती पाहुण्यानं करायची होती.

तेव्हापासून आमच्या घरात मराठवाड्याचा नकाशा बदलला आहे. पूर्वी लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड म्हटलं की कोणाकडे मुलगी दिली, कोणाची केली, हे आठवायचं. आता कोणाकडे गिझर आहे ते आठवतं. ज्या चुलत मेव्हण्याशी एका बांधावरून बोलणं बंद होतं, त्याचं घर शिरूर ताजबंदला ऐन रस्त्यावर आहे आणि त्यानं नुकतीच थ्री फेज घेतली आहे, असं कळल्यावर हिनंच त्याच्या नातीच्या बारशाला कुंची पाठवली.

मुखेडला आल्यावर खरी अडचण समजली. गाडी आमच्या घरची वीज घेईना. वायर लावली की चार्जरवर लाल दिवा. वायरमन आला, टेस्टर लावून म्हणाला, "करंट हाय की मालक." करंट होता. अर्थिंग नव्हतं. हे चार्जर वीज घेण्याआधी जमिनीशी जोड नीट आहे का ते तपासतात आणि नसली तर कामाला हात लावत नाहीत. आमच्या घरात फ्रिज, मिक्सर, कूलर, पिठाची चक्की सगळं वर्षानुवर्षं चालू आहे. सॉकेटचं तिसरं भोक आम्ही शोभेचं समजत होतो. वायरमनचंही मत तेच होतं. "आपल्याकडं कोनाच्याच घरी नसतंय. जर्मनीत वल जास्त असल."

शेवटी परसात खड्डा घ्यायचा ठरला. वर मुरूम, खाली खडक. दोन गड्यांनी दिवसभर पहार चालवली. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि वायरमन म्हणाला, "आता रोज दोन घागरी पानी टाकायचं." ज्या मुलखात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला पाजलं, त्या मुलखात मी सकाळी उठून दगडाला पाणी घालतो. आमच्या आळीत टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या की शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "भाऊ, हे कशाचं झाड लावलंय?"

दिवा हिरवा झाला. मात्र संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं आणि गाडी पुन्हा रुसते. डीपी जळाला तर आळीत सगळ्यांत आधी कोणाचं नाव निघेल, याबद्दल मला शंका नाही.

पहिल्या दिवशी मोंढ्यात गाडी नेली तेव्हा लिलाव थांबला. हमालांनी बॉनेट उघडायला लावलं. आत प्लास्टिकचं काळं झाकण, बाकी काही नाही. जमावात शांतता पसरली. मग आमचा जुना हमाल हळू आवाजात म्हणाला, "मालक, गंडवलं तुमाला. इंजिन काढून घेतलंय." मी सांगितलं, इंजिन नसतंच, मोटारी चाकांजवळ असतात, खाली पाटासारखी बॅटरी असते. त्याला पटलं नाही. मापात फसवणूक असेल तर ती काट्यावर कळते, म्हणून गाडी वजनकाट्यावर चढवली. पंचवीस क्विंटल भरली. त्यातले सहा-सात क्विंटल नुसत्या बॅटरीचे. हमालानं विचारलं, "आता ही भरलेली का रिकामी?" म्हटलं, निम्मी. "पुरी भरल्यावर किती वजन?" तेवढंच. "आन् रिकामी झाल्यावर?" तेवढंच. तो माझ्याकडे बघत राहिला. जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाला असा माल मंजूर होणं शक्य नव्हतं.

गाडीची नंबरपाटी हिरवी, तिच्यावर पांढरी अक्षरं. खाजगी विजेच्या गाड्यांना अशीच असते, पण आमच्याकडे हिरवा रंग दिसला की लोकांना शेतकी खातं आठवतं. बाऱ्हाळीच्या रस्त्यावर एकानं हात करून थांबवलं आणि थेट पासबुकाची झेरॉक्स काढून दिली. मुक्रमाबादकडे गेलो तेव्हा तर हसण्यासारखं काही राहिलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पावसानं आणि लेंडी धरणाच्या पाण्यानं रावणगाव, हसनाळ या गावांत जे केलं, त्यानंतर तिकडं पांढरी, मोठी, काळ्या काचांची गाडी म्हणजे पंचनाम्याचीच. एका म्हातारीनं काचेवर टकटक करून विचारलं, "साहेब, आमचं नाव यादीत हाय का?" साहेब नाही, मुखेडचा आडत्या आहे, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग सोयाबीन तरी काय भावानं घ्यायलाव?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं.

सरकारनं विजेच्या गाडीवाल्यांवर प्रेम केलं आहे, नाही असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांना टोल माफ झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर. या तिघांपैकी एकही मुखेडला येत नाही. टोल वाचवायचा तर आधी जालन्याला जावं लागेल, आणि तिथवर गिझरवाला पाहुणा शोधावा लागेल.

गाडीला आवाज नाही याचं पुण्यात कौतुक होतं. आमच्याकडे शेळ्या आवाज ऐकून बाजूला होतात. माणसंही. मागून पंचवीस क्विंटलचा ऐवज अलगद येऊन थांबला तरी गप्पा चालूच. हॉर्न वाजवावा तर तो इतका सभ्य की शेळी मान वर करून पुन्हा चरायला लागते. शेवटी ही काच खाली करून "हड हड" करते. गाडीत एक बोलणारी बाई आहे, ती इंग्रजीत विचारते, काय सेवा करू? हिनं एकदा सांगून पाहिलं, "माय, जरा तू हाकल." बाईनं एसी अठरावर नेला.

मला गाडीतलं एकच मनापासून आवडलं, ते म्हणजे उतार. मुखेड बालाघाटच्या डोंगरात, नांदेड गोदावरीच्या काठाला. जाताना उतार लागला आणि पाय काढला की मोटारी उलट्या कामाला लागतात, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरीत टाकतात. पडद्यावरचा आकडा चक्क वाढतो. ही मला रस्ता बघू देत नाही, "आलं बघा, दोन किलोमीटर परत आलं" म्हणून दंडाला धरून हलवते. दिलेल्यातलं काही परत येतं, हा अनुभव आडतीच्या घरात दुर्मीळच. येताना चढ असतो, पण तेव्हा ती पडद्याकडे बघत नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेला गाडी नेली. लोह्याच्या पुढं, नांदेड-लातूर रस्त्याला लागूनच ही यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार. पार्किंग म्हणून पोरांनी आम्हाला जिथं घुसवलं, तिथं दोन्ही बाजूंना घोडे बांधलेले होते. मधे आमची गाडी. भंडारा उधळला गेला आणि पांढरा रंग कायमचा मिटला.

एक घोडेवाला बराच वेळ गाडीभोवती फिरत होता. टायरवर थाप मारली, काच पुसून आत बघितलं, मागं जाऊन वाकून पाहिलं.

"किती वर्साची?"

"चार."

"मालक किती झाले?"

"मी दुसरा."

"पैल्यानं कामून इकली?"

एवढ्या कंपन्यांची ॲपं, एवढे कागद, बॅटरीची आठ वर्षांची हमी, सगळं मुलानं तपासलं होतं. हा प्रश्न पुण्यात कोणालाच सुचला नव्हता. मी म्हटलं, त्याला नवी घ्यायची होती. घोडेवाल्यानं मान हलवली. बाजारात सगळेच हे सांगतात, असा त्या मानेचा अर्थ होता.

"खाती काय?"

"वीज. दिवसरात्र."

"आन् चालती?"

"तीनशे किलोमीटर. मग पुन्हा दिवसरात्र उभी."

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली दोन बोटं दाबली. आडत्याला ही भाषा शिकवावी लागत नाही, पण दोन म्हणजे नक्की किती, ते कळेना. मी भुवई उडवली. तो म्हणाला, "ती घोडी तुमाला देतो. वर तुमी दोन लाख द्यायचे."

मी हात काढून घेणार, तेवढ्यात ही पुढं झाली. घोडीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "उताराला काही परत देती का?"

"देती की अक्का," तो म्हणाला, "लीद देती. चढालाबी."