नाखव्यांनी फळी चाटली!

"काकी, ऐकलंत का? नाखव्यांची बोट पुन्हा रंगवायला काढलीय."

"परत? गेल्याच पावसाळ्यात तर रंगवली होती गो!"

"त्याचेच तर भोग! पुतण्याने मुंबईहून गाडीला मारतात तो रंग आणला. म्हणे, काका, सगळ्या हर्णै बंदरात आपलीच बोट चमकेल. जुन्या ऑइलपेंटवरच मारला हो! थिनर कडक, खालचा रंग उकलला आणि वर सगळ्या सुरकुत्या."

"आणि ते फोड? ते कशाने आले?"

"ते दुखणं वेगळं. मासेमारीबंदीचे ६१ दिवस हातात होते, त्यातला दीड महिना पत्ते कुटण्यात गेला. मग १ ऑगस्टला बोट लोटायची म्हणून घाई. फळ्या ना गोड्या पाण्याने धुतल्या, ना वाळू दिल्या. रंगाखाली मीठ राहिलं की ते पाणी ओढतं, मग फोड येणारच. दिवाळीला सालपटं निघाली आणि शिव्या कुणाला, तर रंगाऱ्याला!"

"तो बिचारा नको नको म्हणत होता. मी या कानांनी ऐकलंय."

"नाखवीणसुद्धा तेच सांगत होती. पण घरच्या बाईचं ऐकलं तर मिशी खाली येते ना!"

"यंदा तरी ऐकलंन?"

"यंदा जूनलाच बोट वर ओढून ताडपत्री घातली. सगळा रंग पार लाकडापर्यंत खरवडला. खलाशी म्हणतात, जाळी ओढणं परवडलं, पण हा पॉलिश पेपर नको. रात्री फळीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवतात. सकाळी आत थेंब दिसले की रंगाचा डबा उघडायचा नाही. आणि परवा तर काय, नाखवा चक्क फळी चाटत होते!"

"अगंबाई! डोकं फिरलं की काय?"

"खारट लागते का बघत होते. खारट लागली की पुन्हा पागोळीचं पाणी ओतून धुवायची."

"रंग उरला तर माग हो थोडा. या कुंपणाच्या खांबांना मारू."

"कुठला, बुडाला मारतात तो तांब्याचा? काकी, त्याला काहीसुद्धा चिकटून राहत नाही."

"मग नको गो बाई! आपण दोघी कुठे जायचं?"