एमडी साहेबांच्या केबिनमधल्या चंदेरी पाहुण्याविषयी

माननीय एमडी साहेब,


भोसरी एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्याच्या हिशेब विभागातर्फे नव्या मॅकबुकांचे स्वागत. आपण, सेल्सचे व्हीपी आणि एचआर मॅडम यांना ती मिळाली हे योग्यच झाले. मेल वाचणे, झूमवर म्यूट राहणे, पीडीएफ उघडणे अशी जड कामे करायची तर यंत्र दणकट हवेच. आम्ही काय, जीएसटी, पगारपत्रके नि स्टॉक बघणारी माणसे. आम्हाला 4 जीबीचा डेस्कटॉप पुष्कळ झाला.

मीटिंगमध्ये आपण आयबीएमचा दाखला दिलात. तो खरा आहे. 2015 साली त्यांनी सांगितले होते की, मॅकवाल्यांपैकी जेमतेम 5 टक्के हेल्पडेस्कला फोन करतात, पीसीवाल्यांपैकी 40. आपल्याकडे तर प्रमाण शून्य! झाकणच उघडले नाही तर तक्रार कुठून येणार? मात्र तिथे मॅक हवा की पीसी, हे ज्याला काम करायचे त्यालाच विचारले होते. आपल्याकडे हुद्द्याला विचारले.

साहेब, टॅली विंडोजवर चालते. पूर्वी बूट कॅम्प वापरून मॅकमध्ये विंडोज टाकता यायचे. 2020 च्या एम1 चिपपासून तीही सोय गेली. एएमसीवाला म्हणतो, पॅरलल्स घ्या. म्हणजे महागड्या मॅकमध्ये विकतचे पॅरलल्स, त्यात विकतचे विंडोज, त्यात टॅली, आणि सगळ्यांच्या तळाशी आपला नफा. एक्सेलची तर गंमतच. 1985 साली ते जन्मले मॅकवरच, विंडोजवर आले दोन वर्षांनी. पण आज त्याच माहेरी पॉवर पिव्होट नाही, आणि आपल्याला दर सोमवारी जाणारा एमआयएस नेमका त्यावर उभा आहे.

यंत्राला नावे ठेवत नाही. कॅटलॉगचे व्हिडिओ करणाऱ्या पोराला ते जरूर द्या. सध्या एक फाइल एक्स्पोर्ट होईपर्यंत त्याचा चहा पिऊन होतो, कधी कधी जेवणही.

परवा आपण मॅकबुकवर ताळेबंद दाखवायला बोलावलेत. मी प्रिंटआउट आणला. आपण तो बंद लॅपटॉपवर ठेवून शेवटपर्यंत वाचलात आणि त्यावरच सही केलीत. पृष्ठभाग खरोखर गुळगुळीत आहे, पेन कुठे अडले नाही.

आपला नम्र,
हिशेब विभाग (तळमजला, जिन्याखाली)

ता. क. मार्चएंड जवळ आला आहे. रॅमच्या मागणीचा अर्ज दिवाळीपासून आपल्या टेबलावर आहे. मॅकबुक उचललेत तर सापडेल.